लाटेचा वाटा

जांभूळपेठेत भूकंप येतो तो आता फक्त पडद्यावर. कपातला चहा हलत नाही, भिंतीवरची तसबीर कलत नाही, पाळण्यातलं मूल कूससुद्धा बदलत नाही. बाहेर डोंगर अंग झाडून घेतो आणि गावात शाळेतली पोरं पाढे म्हणत असतात. गावाभोवती जमिनीत खोल पुरलेले, नुसती डोकी वर काढून बसलेले खांब आहेत. खिंडीतून खाली पाहिलं की वाटतं, कुणी मायेनं या गावाच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत घातली आहे. लोक तिला नुसतं कुंपण म्हणतात.

आराध्या त्या कुंपणाची राखण करायची. कुंपणघरात पाळीपाळीनं बसणारी तीन माणसं होती, त्यांतली ती एक. यंत्र आपलं आपण चालायचं. माणसानं फक्त पडद्यावरच्या रेघा बघायच्या आणि काही बिघडलं तर वरिष्ठांना, म्हणजे देवस्थळी सरांना, हाक मारायची.

भाद्रपदातली दुपार होती. पडद्यावर बाहेरच्या रेघा अचानक थरथरल्या. गावातली रेघ निजल्यासारखी सरळ राहिली. आणि उगवतीच्या कोपऱ्यातली एक रेघ बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून उसळून गेली, मागच्या खेपेहून उंच. नकाशात त्या कोपऱ्याचं नाव होतं ‘निर्जन उतार’.

आराध्याचा जन्म त्या निर्जन उतारावर झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे तिची आई होती, संगीता कोकरे. खडकमाळाच्या धनगरवाड्यावरून बोलत होती. मांडणीवरची भांडी पुन्हा सगळी खाली आली, कोकरं अजून ओरडतायत, असं सांगून तिनं सहज विचारलं, “तुमच्याकडं किती हाललं गं?”

“काहीच नाही, आये.”

खरं तेच ती बोलली होती. तरी चोरी पकडली गेल्यासारखे तिचे कान गरम झाले.

जमीन हादरते तेव्हा तिच्या पोटातून दोन लाटा निघतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी देवस्थळी सर हे फळ्यावर काढून समजावत होते आणि आराध्याला समोर वाडी दिसत होती. पहिली लाट रेटारेटीची. जिकडं जाते तिकडंच मातीला पुढंमागं ढकलते. अरुंद पाणंदीत मेंढरं कोंबली की मागची पुढचीला रेटते, ती तिच्या पुढचीला, आणि रेटा पार तोंडाशी पोचतो, तशी. ती वेगानं येते, पण फारसं काही पाडत नाही. तिच्या मागून येते ती आडवी लाट. जाते पुढं आणि हलवते आडवं. सर त्यासाठी दोरी झटकून दाखवत होते. आराध्याला आठवत होती घोंगडी. आबा आणि आये दोन टोकं धरून उभे राहायचे. आबांनी हिसडा दिला की एक उंचवटा घोंगडीतून पळत पळत आयेकडे जायचा. लोकर जागची हलायची नाही. प्रत्येक धागा आपल्या जागी वर जाऊन खाली यायचा, बस. आयेच्या मनगटाला मात्र झटका बसायचा. आबांच्या हातातली ताकद आयेच्या हातात पोचलेली असायची आणि मधल्या एकाही धाग्यानं आपली जागा सोडलेली नसायची.

“लाट माती नेत नाही, ऊर्जा नेते,” सर म्हणाले होते. “आणि हेलकावा दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. घरं पाडते ती ही आडवी.”

कुंपणातल्या प्रत्येक खांबाच्या पोटात एक जड लोलक टांगलेला होता. पहिली लाट पोचली की यंत्र सावध व्हायचं आणि लोलकांना येणाऱ्या लाटेच्या ठेक्याशी जुळवून घ्यायचं. आडवी लाट येऊन भिडली की ते लोलक तिच्या उलट झुलायचे. मग ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तशी लाट गावाला वळसा घालून जायची.

“मग ती जाते कुठं, सर?” तिनं तेव्हाच विचारलं होतं.

“मोकळ्या उतारावर. ऊर्जा मारून टाकता येत नाही. कुठंतरी पाठवावीच लागते.”

तेव्हा तिला नकाशा दाखवला नव्हता. पुढं दाखवला, तोवर खांब पुरून झाले होते, तिचं लग्न झालं होतं आणि तिचं नाव पाळीच्या तक्त्यावर लागलं होतं.

चूक कशी झाली ते तिला नकाशा पाहताक्षणी कळलं. खडकमाळाचे धनगर दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरतात. कापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना भात मिळतो. रोहिणी लागता लागता माघारी. जाताना दाराला कुलूप लावायची रीत नाही. बोरीची काटेरी फांदी आडवी टाकायची, की झालं. मोजणीवाले आले ते पौषात. त्यांना दिसली कुलूप नसलेली दारं, त्यांवर वाळलेले काटे, थंड चुली आणि एकही माणूस नाही. त्यांनी लिहून टाकलं: ओसाड वस्ती. पुण्यात बसलेल्या कुणीतरी त्याचं ‘निर्जन’ केलं.

त्या दुपारी आराध्या देवस्थळी सरांकडे गेली. हे काही पहिल्यांदा नव्हतं. सर गरीब स्वभावाचे, बडीशेपेची डबी उघडत मिटत ऐकून घेणारे. पण आज त्यांनी डबी बाजूला ठेवली. म्हणाले, हे छोटे धक्के वाढत चाललेत, मोठा येणार असं दिसतंय. कधी ते सांगता येत नाही.

दिशा बदला, ती म्हणाली. सरांनी मान हलवली. त्यासाठी एकेक खांब उकरून नव्यानं बसवायला हवा, वर्षं जातील. आणि वळवायची कुणीकडं?

“रोज नकाशा उघडून बसतो मी, आराध्या. जिकडं वळवावी तिकडं कुणीतरी आहेच. निर्जन असं या मुलखात काही नाही.”

मग कुंपणच सैल सोडा, लोलक अडकवून ठेवा, जे सगळ्यांना होईल ते सगळ्यांना होऊ दे. हे बोलताना तिलाच कळत होतं की ते शक्य नाही. कुंपण झाल्यावर नवी वसाहत उभी राहिली ती त्याच्या भरवशावर. जुन्या घरांच्या भिंतींतून चारी बाजूंनी जाणारे भूकंपपट्टे नव्या इमारतींत कुणी घातलेच नाहीत. पट्ट्यांचं लोखंड वाचलं ते वरच्या मजल्यांत गेलं. आता ते मनोरे कुंपणाच्या कुशीत, आईच्या कडेवर बसलेल्या पोरासारखे निर्धास्त उभे होते. आईनं हात काढला तर पोर खाली.

उरली जुनी पेठ. कुंपणाचे कप्पे दोन होते, एक नव्या वसाहतीचा, एक पेठेचा. दुरुस्तीच्या वेळी एकेक कप्पा वेगळा सैल करता यायचा. पेठेतली घरं मागच्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेली, ठेंगणी, पट्ट्यांची. पेठेचा कप्पा सैल केला तर बरीचशी लाट पेठेतून जाईल आणि खडकमाळावर त्या मानानं कमी आदळेल. हे गणित सरांनी कधीतरी केलेलं होतं. ते तिच्यापुढं ठेवून ते म्हणाले, “मी हे तुला करायला सांगत नाहीये.”

आराध्याचं सासर जुन्या पेठेत होतं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. ती वाडीवर गेली.

खडकमाळ म्हणजे डोंगराच्या अंगाला चिकटलेली मूठभर घरं, दगडमातीची, वर पत्रा. घरांच्या डोक्यावर उभी दरड. तीन महिने पाऊस पिऊन ती फुगली होती आणि तिच्या अंगावर ओल्या चिरा पडल्या होत्या. बिरू कोकरे, तिचे आबा, कोंडवाड्याच्या दगडी गडग्यावर बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. तिनं सगळं सांगितलं. लाटा, खांब, पौषातली मोजणी. आबांनी काटा काढून झाल्यावरच मान वर केली.

“म्हंजी तुमच्या वाटणीचा भूकंप आमी खातुय.”

“होय, आबा.”

आत भाकऱ्या थापणाऱ्या आयेला हसू आलं. तरीच म्हनलं, ती म्हणाली, भांडी एवढी कशी नाचाय लागली, न्हवरी आल्यागत. मग तिचं हसू आपोआप विरलं आणि तव्यावरची भाकरी जरा करपली.

आराध्यानं हात जोडले. गावात चला, दोघंही चला, मोठा येणार आहे. आबांनी मेंढरांकडं बोट दाखवलं. ही कुठं ठेवू, तुझ्या सासूच्या माडीवर? कुंपणाच्या आत मेंढरांना मनाई होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. जमिनीत कान लावून बसलेल्या यंत्रांना शेकडो खुरांची टपटप चालत नाही. एकदा कुणाच्या म्हशी उधळल्या तर सगळं कुंपण जागं झालं होतं. बरं, कळप घेऊन आत्ताच खाली उतरावं तर भादव्यात कोकणात भात उभा, देशावर बाजरी उभी. उभ्या पिकाच्या मुलखात मेंढराला कोण पाय टाकू देतो? पुढं वाट बंद, मागं वाट बंद, डोक्यावर दरड. ती सगळं बघत राहिली. आपण गावात अडकलोय असं तिला वाटायचं. ही तर तिच्याहून अडकलेली माणसं, आणि त्यांच्या अडकण्याची कळ तिच्याच हाताखाली.

तिनं पेठेच्या कप्प्याचं सांगितलं. “मी काय करू, आबा?”

“मला इचारू नगंस.” आबा उठले, कांबळं झटकून खांद्यावर टाकलं. “मी व्हय म्हनलो तर पोरीनं बापासाठी दुसऱ्याची घरं हालवली आसं हुईल. न्हाय म्हनलो तर तुजी आय मला जेवाय घालायची न्हाय. ज्येंच्या घरात लाट सोडायची, त्येंस्नी इचार.”

चरायला नेलेला कळप दिवस कलला तसा घराकडं वळवून आबा पुढं चालू लागले. चालता चालता सवयीनं त्यांच्या गळ्यातून ओवी निघाली. सुंबरानात, देवापुढच्या गाण्यांत, अशा शेकडो ओव्या त्यांनी जोडल्या होत्या, ही कधीची होती कुणास ठाऊक.

मेंढरानी वाट धरली, धूळ आभाळा चढली
धूळ बसली जागंला, वाट म्होरं निघून गेली

आराध्या ती ओवी कानात घेऊन खिंड उतरली. धुळीचा एकेक कण उठतो, थरथरतो, पुन्हा जागेवर बसतो. जाणारं निघून जातं. आपण कण आहोत की वाट, हे कणाला कुणी विचारत नाही.

घरी सासूबाई मजेत होत्या. छायाबाई लोखंडे म्हणजे अख्ख्या पेठेचं वर्तमानपत्र. कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाचं काय मोडलं इथपर्यंत सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं. सुनेवर जीव, पण तो टोमण्यांत गुंडाळून द्यायची पद्धत. यश, आराध्याचा नवरा, नव्या वसाहतीतल्या मनोऱ्यात घर घ्यायचं म्हणत होता. अकराव्या मजल्यावरचं. त्यावरून जेवताना मायलेकांची जुंपली होती. एवढ्या उंच मी काय घार आहे का, छायाबाई विचारत होत्या. यश म्हणाला, खिडकीतून खडकमाळ दिसतो, आराध्याला माहेर दिसेल.

“बघ बाई,” छायाबाई तिच्या ताटात आमटी वाढत म्हणाल्या, “नवऱ्यानं माहेर खिडकीत बसवलंय तुझ्यासाठी. आता तरी तोंड उघड.”

तोंड उघडायचंच होतं तिला. शब्द सगळे जमवून आणले होते तिनं खिंडीतून. आई, मोठा भूकंप येणार आहे, तो तुमच्या घरातून जाऊ देऊ का? पण असं कुणी विचारतं? आणि विचारलं, आणि या नाही म्हणाल्या तर? मग तो नकार हातात घेऊन ती पडद्यासमोर कशी बसणार? न विचारता निदान हात तरी मोकळा राहील. घास गिळायला तिला पाणी लागलं.

“तिखट झालीय का?” छायाबाईंनी विचारलं.

“नाही, आई. छान झालीय.”

मोठा आला तो चौथ्या दिवशी, सकाळी, ऊन वर येता येता. पाळी आराध्याचीच होती. यश वसाहतीत कामावर गेला होता. छायाबाई माडीवर सादळलेले पापड वाळत घालायला निघाल्या होत्या, एवढं तिनं घर सोडताना पाहिलं होतं.

पडद्याच्या कडेला पहिली रेघ उठली. नुसता रेटा. तिची उंची आराध्यानं पाहिली. मागून येणारी किती मोठी असेल हे ती उंची सांगत होती. यंत्रानं लोलक जुळवायला घेतले, दोन्ही कप्प्यांचे दिवे हिरवे झाले. आता लाट येईल, गावाला भिडेल, वळेल, आणि सगळीच्या सगळी निर्जन उतारावर जाईल. भिजलेल्या दरडीखाली. हेलकावा दुप्पट तर ऊर्जा चौपट.

मध्ये उरले होते ते काही श्वास. तेवढ्यात घरी फोनही लागला नसता. नुसता हात हलू शकत होता.

तिला आबा दिसले नाहीत, आये दिसली नाही. दिसली ती सासूबाईंची माडीचा जिना चढणारी पावलं. आणि ती दिसत असतानाच तिनं पेठेच्या कप्प्याची खिट्टी ओढली.

एक दिवा लाल झाला. मग आडवी लाट आली.

पेठेतली घरं नाचली. कौलं घसरली, मेव्यामिठाईच्या बरण्या फुटल्या, गिलाव्याचे पापुद्रे सुटले, माणसं जशी होती तशी रस्त्यावर आली. भिंतींतल्या पट्ट्यांनी घरं धरून ठेवली. कुणी दगावलं नाही. छायाबाई मात्र पापडाचं सूप घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर होत्या. मांडीचं हाड मोडलं.

खडकमाळावर निम्मी दरड आली. मागच्या घरांच्या भिंती आत बसल्या, पण कमी हेलकाव्यात माणसांना बाहेर पडायला वाव मिळाला. दरड कोंडवाड्यापर्यंत येऊन थांबली. कडेच्या घराचा मारुती झोरे, त्याची सगळी मेंढरं तिच्याखाली गेली. माणसं जगली. आयेचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसती पुन्हा पुन्हा म्हणत होती, हितवर आली, आरू, ह्या हितवर आली न् थांबली.

देवस्थळी सरांनी पडद्यावरच्या रेघा मागं नेऊन पाहिल्या. तिच्याकडं न बघता म्हणाले की सगळी गेली असती तर वाडी राहिली नसती. आणि मग त्याच सुरात म्हणाले की चौकशी होईल. तोवर पाळी मात्र तिचीच. तिघांपैकी एकजण बायकापोरांना घेऊन सकाळीच गाव सोडून गेला होता. मागचे धक्के येणार होते, एखादा मोठाही असू शकत होता, आणि खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती.

बातमी लपणारी नव्हती, तिनं लपवलीही नाही. दुपारी कुंपणघराच्या दारात पेठेतली माणसं जमली. परवापर्यंत तिला येताजाता हाक मारणारी. कुणी शिवी दिली नाही. तेलाच्या दुकानाच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या की आम्ही तुझ्या भरवशावर झोपत होतो गं. संध्याकाळी मारुती झोरे खिंड उतरून आला. वाटलं, हा तरी दोन शब्द गोड बोलेल. तो म्हणाला, निम्मी लाट ठिवलीस आमच्यासाठी, ती तरी का ठिवलीस?

पूर्वी भूकंप कुणाचा नसायचा. यायचा, पाडायचा, जायचा. माणसं देवाला बोल लावायची आणि एकमेकांच्या अंगणात बसून रडायची. आता त्याला मालक होता. इथून पुढं जमीन हलेल तेव्हा कुणाच्या तरी हातानं हलेल, आणि त्या हाताला या दोन गावांच्या मधल्या एवढ्याशा जागेत जगावं लागेल, जेवण वाढावं लागेल, माहेरी जावं लागेल, भाजी घ्यायला बाजारात उभं राहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी ती पेठेतल्या जुन्या दवाखान्यात गेली. बिचारी इमारत भूकंप खाऊनही ताठ उभी होती. छायाबाईंना वरच्या मजल्यावर ठेवलं होतं, पायाला वजन टांगून. रात्रभर बसून डोळे लाल झालेला यश आराध्याला पाहून उठला, चहा घेऊन येतो म्हणाला, आणि तिच्या बाजूनं जाताना थांबला नाही.

छायाबाईंनी तिला स्टुलाकडं नजरेनंच बस म्हटलं. त्या छताकडं बघत होत्या. तिथं नवी चीर गेली होती.

“तुझी आई कशी आहे?”

“बरी आहे. घराची मागची भिंत पडली.”

“आणि तुझे वडील?”

“बरे आहेत.”

“आमच्याकडं किती आलं, त्यांच्या वाट्याचं?”

“निम्म्याहून थोडं जास्त.”

छायाबाईंनी मान हलवली, भाजीवालीनं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. त्या रागावतील, रडतील, नातं तोडतील, असं सगळं ती मनात तयार करून आली होती. हे शांत बोलणं तिला झेपेना.

“विचारायचं होतंस.”

“वेळ नव्हता, आई. हात हलवायलाही वेळ नव्हता.”

“त्या वेळचं नाही म्हणत मी. चार दिवस होते की. ताटात आमटी वाढत होते मी तुझ्या. तिखट झालीय का विचारलं, तर छान झालीय म्हणालीस.”

आराध्यानं खाली पाहिलं. “विचारलं असतं तर काय म्हणाला असता?”

“नाही म्हणाले असते.” छायाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. “कशाला खोटं बोलू? माझं घर, माझा मुलगा, माझं म्हातारपण. नाहीच म्हणाले असते.”

“मग?”

“तरी विचारायचं. नाही म्हणायला तरी मिळालं असतं मला. भांडले असते तुझ्याशी. पेठ गोळा केली असती. दोघीतिघी तुझ्या बाजूनं झाल्याही असत्या, सांगता येतंय? तू काही होऊच दिलं नाहीस. मला सून होती, आराध्या. तू मला जमिनीसारखं वागवलंस.”

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी मूल पावलं आपटत धावलं आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी एकदम खाटेच्या कडा धरल्या. मग सुस्कारे सोडले. आराध्यानंही कडा धरली होती. तिच्या बोटांशेजारी छायाबाईंची बोटं होती.

ती उठून उभी राहिली. पाळीची वेळ होत आली होती. या वेळी तिनं शब्द जमवले नाहीत, आले तसे बोलली.

“आई, मागचे धक्के यायचेत. एखादा मोठा असेल. खडकमाळावर उरलेली निम्मी दरड अजून वरच आहे, आणि माणसं तिच्याखालीच आहेत. मी आता खुर्चीवर बसायला चाललेय. पेठेत सगळ्यांच्या दारात जाऊन विचारणारच आहे, पण पहिल्यांदा तुम्हाला विचारते. पुन्हा सोडू का?”

शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. छायाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काल ज्या जागी ही मुलगी एकटी बसली होती, त्या जागी आता तिनं आपल्याला शेजारी बसवून घेतलंय, हे त्यांना पुरतं कळलं होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

“फार वाईट आहेस तू,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे उघडले.

“आधी मला तळमजल्यावर ने. या सगळ्याजणींना ने. मग सांगते.”

आराध्यानं वाकून खाटेच्या चाकांची अडकण पायानं सोडली. वजन टांगलेला पाय एका हातानं सावरत तिनं खाट रॅम्पकडं ढकलायला सुरुवात केली. शेजारच्या बाईनं तेवढ्यात पदर खोचला आणि म्हणाली, बाई, मला पण सांगायचंय, माझी पण खाट घे.